समाधान कशावर टिकतं: ताबा, नाती की परिस्थिती?

रिकामटेकडा: ‘सकारात्मक विचार करा’ ऐकून कान किटले. माझ्या मते प्रौढ माणसाचं मन ताळ्यावर राहतं ते आपल्या दिवसात आपलं थोडंतरी चालतं म्हणून. १९७६ साली एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावर सांगितलं: खोली कशी लावायची, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा, तुम्ही ठरवा, हे रोप घ्या, निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त हिंडतीफिरती, जास्त खूश.

चष्मेबद्दूर: तीन आठवडे म्हणजे काय हो! हार्वर्ड विद्यापीठाचा, माणसांच्या अख्ख्या आयुष्याचा मागोवा घेणारा अभ्यास १९३८पासून चालू आहे. तिथे माणसांना विचारलं, मध्यरात्री आजारी पडलात किंवा भीती वाटली तर कुणाला फोन कराल? काहींना एकही नाव सुचेना. उतारवयातली तब्येत आणि समाधान यांचा संबंध जवळच्या नात्यांशी दिसला. ठरवायला सगळं तुमच्या हातात आणि घरात बोलायला कुणी नाही, काय करायचंय तो ताबा घेऊन?

रिकामटेकडा: त्यात सुरुवातीला सगळे पुरुषच होते, हे सोयीस्कर विसरलात. आणि जे नातं उठता-बसता परवानगी मागायला लावतं त्याचं काय? माणसांनी भरलेल्या घरात घुसमटणारे कमी नाहीत.

कडू_कारलं: दोघंही हवेत बोलताय. आरोग्याचे संशोधक मायकेल मार्मट यांचा ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास बघा. कामात ज्यांचं काही चालत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त. हा ताबा ध्यान लावून मिळत नाही, साहेबाने द्यावा लागतो. मनाची मशागत करण्याआधी कामाचे नियम बदला.

मधला_मार्ग: मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी १९८९मध्ये मनाच्या स्वास्थ्याच्या सहा बाजू मांडल्या: स्वतःचा स्वीकार, चांगली नाती, स्वायत्तता, परिस्थिती हाताळता येणं, जगण्याला हेतू, स्वतःची वाढ. भांडताय कशाला?

रिकामटेकडा: सगळंच महत्त्वाचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. कारलं, नियम बदलायलाच हवेत, मान्य. पण आपल्या बोलण्याने काही फरक पडेल असं वाटल्याशिवाय तुमच्या साहेबासमोर तोंड कोण उघडणार?

कडू_कारलं: ज्याला नोकरी जायची भीती नाही, तो.