चाळीतल्या भोंग्याची क्रमशः कादंबरी: कुठे जमली, कुठे फसली?

खिडकीसीट

नमस्कार मंडळी. दर गुरुवारी रात्री माझ्या कादंबरीचा एक भाग टाकते. ३१ झाले. तुमच्यापैकी बरेच जण वाचता, 'पुढचा भाग कधी?' असंही विचारता. आज मात्र उलटं विचारायचंय: चांगलं काय आणि वाईट काय ते स्पष्ट सांगा. पुढचा भाग अर्धा लिहून पडलाय आणि हात पुढे सरकत नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लालबागमधली गिरणी कामगारांची चाळ, आता टॉवरसाठी पाडायला निघालेली. समोरची गिरणी कधीच बंद पडली, धुराडंही उरलं नाही. तरी पहाटे तीनला तिचा भोंगा होतो. तो सगळ्यांना ऐकू येत नाही. ज्याला येतो त्याच्या घरात दुसऱ्या दिवशी काहीतरी हललेलं असतं: डबा धुतलेला, चप्पल दाराकडे तोंड करून ठेवलेली. आणि एक जुना खून आहे, १९८२ च्या संपातला.

चाळ माझ्या ओळखीची आहे. बारा वर्षांची होईपर्यंत अशाच एका दहा बाय बाराच्या खोलीत वाढले. संप सुरू झाला तेव्हा (१८ जानेवारी, आमच्या घरात ही तारीख वाढदिवसासारखी पाठ आहे) मी तीन वर्षांची होते. आजी खानावळ चालवायची. कादंबरीतली उधारीची वही तिचीच, फक्त तिच्या वहीत मेलेल्या माणसाच्या नावावर जेवणं मांडलेली नव्हती. ती भर माझी.

लिहिते डोंबिवली ते सीएसएमटी, मोबाईलवर. खिडकी मिळाली तर भाग बरा होतो, दारात उभं राहावं लागलं तर त्या आठवड्यात कोणीतरी मरतं.

आता अडचण. भाग ६ मध्ये मी लिहून बसले की ज्याचं नाव गिरणीच्या मस्टरवर होतं त्यालाच भोंगा ऐकू येतो. भाग १९ मध्ये २००१ साली जन्मलेला नातू पोटमाळ्यावर झोपलेला असताना दचकून उठतो आणि भोंगा ऐकतो. मला तो प्रसंग इतका आवडला होता की नियम आठवलाच नाही. चार वाचकांनी पकडलं. पुस्तक असतं तर मागे जाऊन एक ओळ बदलली असती. इथे सहावा भाग सगळ्यांनी वाचून, त्यावर भांडून झालंय.

आणि दुसरं: भोंग्याचा उलगडा करायचा की नाही? केला तर भूत संपतं, नाही केला तर लोक म्हणतील ३१ आठवडे फसवलं.

कडी_वाजली

सगळे भाग काल पुन्हा वाचले आणि चक्क वहीत टिपणं काढली. ३१ पैकी १२ भागांच्या शेवटी दार उघडतं, कडी वाजते किंवा कोणीतरी दाराशी उभं असतं. (माझ्या आयडीवर हसू नका, तो जुना आहे.) त्या बारातल्या आठ वेळा पुढच्या भागात कळतं की दारात शेजारीण होती. शेजारणीला भ्यायचं तरी किती वेळा?

दर आठवड्याला वाचक परत यावा म्हणून तुम्ही हे करता, कळतं. पण तो उसना धक्का आहे, पुढच्या भागाची पहिली दोन पानं तो फेडण्यात जातात. याउलट भाग १४. वहीत ऑगस्ट १९८२ च्या पानावर त्या माणसाची रोजची दोन जेवणं मांडलेली आहेत, आणि तो तर मे महिन्यात मेलेला. तिथे दार नाही, किंकाळी नाही, आजी नुसतं पान उलटते. त्या रात्री मी पाणी प्यायला उठले नाही.

भाषेचं एक. १९८२ मधला कामगार 'मला स्पेस हवी' असं म्हणणार नाही. भाग २२.

अर्धविराम

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लंडमधल्या कॅथलिक पाद्रीबुवांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम केले. दुसराच नियम: अमानवी शक्तीला कथेत थारा नाही. देवाधर्माचा माणूस भुतांना दाराबाहेर ठेवतो, गंमत आहे. कारण सरळ आहे. भूत काहीही करू शकत असेल तर वाचकाने तर्क लढवायचा कशाला?

शेरलॉक होम्सची ती बास्करव्हिल्सच्या कुत्र्याची गोष्टही क्रमशःच आली होती, ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२, मासिकातून नऊ हप्त्यांत. आठ महिने लोक नरकातल्या कुत्र्याला भ्यायले आणि शेवटी निघाला फॉस्फरस लावलेला खराखुरा कुत्रा. ती एक वाट. दुसरी वाट तोदोरोव या समीक्षकाने १९७० मध्ये मांडली: खरं भूत की भास, हे ठरत नाही तोवरच खरी मजा, ठरलं की कथा एका बाजूला कलंडते. तुम्ही तिसरं करून बघा. खून माणसाने केला, त्याचा पूर्ण हिशेब द्या. भोंग्याचा देऊ नका, पण भोंग्याने आपला नियम मोडू नये. भुताला कारण नसलं तरी चालतं, शिस्त हवी.

जाता जाता माझा अंदाज: मेलेला माणूस संप चालू असताना गुपचूप कामावर जात होता. म्हणूनच त्याला भोंगा ऐकू यायचा, बाकीच्यांनी कान बंद केले होते.

खिडकीसीट

@अर्धविराम, तुम्ही माझा शेवट फोडलात. आता काय करू, बदलू? (शेजारणींचा हिशेब मान्य आहे, @कडी_वाजली. आणि 'स्पेस'बद्दल मान खाली.)

कडी_वाजली

बदलू नका हो. एकाने ओळखलं म्हणजे खुणा नीट पेरल्या होत्या. तो अंदाज हुकवायला आता ऐनवेळी कुणा जुळ्या भावाला आणलंत तर मात्र मी वाचायचं सोडलं.

तिसरी_पाळी

गो बाय, मी एवढं लिहीत नाही, मुलाने टाइप करून दिलंय. मी २२ वर्षं गिरणीत होतो. तुझी गोष्ट सून मला वाचून दाखवते.

पहाटे तीनला कुठला भोंगा? पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. दुपारी साडेतीनला होईल, रात्री तीनला कोण कशाला वाजवेल? तीनला आम्ही मशीनवर असायचो, डोळे चुरचुरत. भोंगा व्हायचा रात्री बाराला. चाळ अर्धी झोपलेली, दुसरी पाळी परत यायची, तिसरी निघायची. एकाने अंथरुणातून उठायचं आणि दुसऱ्याने त्याच उबेत पडायचं. तुझ्या गोष्टीत हे कुठे आलं नाही.

दुसरं, नातवाचं. मस्टरवर नाव नसलेला माणूसही कामाला लागायचा की. बदली कामगार. सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी बदली. तुझा नातू आजोबाच्या जागेवर झोपलाय ना? मग आजोबा गैरहजर, नातू बदली. त्याला भोंगा ऐकू येणारच.

आणि आमच्याकडे देवगडला देवचार असतो. त्याला भितो आम्ही, पण तो उगाच कोणाच्या वाटेला जात नाही. त्याचं ठरलेलं असतं. मुंबईला आलं म्हणून भूत बेशिस्त होत नाही.

संप अजून कोणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, हे पण लिही कुठेतरी.

खिडकीसीट

काका, दोनदा वाचलं. तीन वाजताचं खरं सांगते, ते मी इंग्रजी सिनेमातून उचललं. माझे आजोबा तिसऱ्या पाळीला जायचे आणि बारा वाजले की आजी झोपेतही कूस बदलायची. हे मी लहानपणी पाहिलं असून लिहिताना आठवलं नाही.

या गुरुवारी भाग ३२ येणार नाही. आधी सगळीकडचे तीन खोडून बारा करते, तेवढा बदल कोणाची हरकत नसेल तर मागे जाऊनच करते. बदलीचा नियम घेतला तर भाग १९ सुटतो आणि भाग ६ सुद्धा खोटा ठरत नाही, कारण तिथे हे सांगणारा म्हातारा स्वतः कायम कामगार होता, त्याला बदलीवाले कधी मोजावेसे वाटलेच नाहीत.

पण भाग ११ अडतो. खोली नंबर १७, म्हातारा गावाला गेलाय, बाहेरून कुलूप. आत कोणी झोपलेलं नाही, नातू नाही, भाडेकरू नाही. तरी भोंगा होतो आणि शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून कोणीतरी उठून डबा भरत असल्याचा आवाज येतो. तिथे कोण?

तिसरी_पाळी

म्हातारा गावाला गेला म्हणजे खाडा झाला ना. मग बदली लागला.