कोविडच्या दुसऱ्या लाटेतला ऑक्सिजनचा तुटवडा: दोष दरबंदीचा की टँकरचा?

हिशेबी: सप्टेंबर 2020 मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांचे दर ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, द्रव ऑक्सिजन कारखान्याच्या दारात घनमीटरला 15.22 रुपये आणि सिलिंडरमधला 25.71 रुपये असा बांधला, जीएसटी वेगळा. त्याआधी मर्यादा फक्त सिलिंडरवर होती, 17.49 ची. द्रवाला लगाम नव्हता. कारखान्याने भाव चढवला की रिफिलर, म्हणजे द्रव घेऊन सिलिंडर भरून विकणारा, मधल्यामध्ये चेपला जायचा. दर बांधला की माल अडतो किंवा बिलाबाहेर जातो. तुटवड्याचं मूळ तिथे आहे.

क्रायो: साफ असहमत. एप्रिल 2021 मध्ये दोन्ही टोकं बांधलेली होती, तरी रुग्णालयं कोरडी पडली, कारण टँकर कमी होते. द्रव उणे 183 अंशांच्या आसपास न्यावा लागतो, साधी टाकी चालत नाही. नायट्रोजन-आरगॉनचे टँकर वळवले, पण आधी आतून तेल-ग्रीसचा अंश काढावा लागतो, नाहीतर आगीला आमंत्रण. 19 एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, ते काय दर कमी होता म्हणून?

हिशेबी: भाव मोकळा असता तर कुणीतरी आधीच टँकर घेऊन ठेवले असते. सात महिने हातात होते.

क्रायो: वाहतूकखर्च त्या 15.22 मध्ये धरलेलाच नव्हता, तो राज्य पातळीवर ठरायचा. आणि जानेवारीत रुग्ण घटलेले असताना टँकरमध्ये पैसा कोण अडकवणार होतं?

जंबो: दोघंही गॅसवरच अडकलात. जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर, म्हणजे 180 रुपयांचा माल. हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला 60 लिटर शुद्ध ऑक्सिजन लावला तर तो दोन तासही पुरत नाही, एका रुग्णाला दिवसाला बारा लागतात. तेवढेच भरायला गेलेले आणि काही वाटेत. म्हणजे टंचाई नळकांड्याची. काळाबाजारही त्याचाच: सिलिंडरचं डिपॉझिट, त्यावर बसणारे दाब-प्रवाह सांभाळणारे रेग्युलेटर, फ्लोमीटर. 25.71 चा दर यातल्या कशालाच लागू नव्हता.

हिशेबी: मग तेही बांधा, म्हणजे रेग्युलेटर गोदामातून बाहेरच येणार नाहीत!

जंबो: कॉन्सन्ट्रेटरचं, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राचं उदाहरण घ्या. जून 2021 मध्ये वितरकाच्या खरेदीदरावर नफा 70 टक्क्यांपर्यंत बांधला. आयात महागली तर विक्रीही महाग करता येते, त्यामुळे माल दडवायचं कारण उरत नाही. चूक वेळेची झाली, लाट तोवर ओसरत होती. सिलिंडरला मात्र दरापेक्षा अदलाबदल बरी: रिकामा परत आणेल त्यालाच भरलेला, नाव आणि सिलिंडर क्रमांक लिहून.

क्रायो: आणि ज्याच्याकडे पहिला रिकामाच नाही, त्याने काय आणायचं?