सोडा मशीन आधी, ज्यूसर नंतर

उन्हाळ्यातील सरबतांसाठी सोडा मशीन (सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडून सोडा बनवणारे यंत्र) घ्यावे की स्लो ज्यूसर (फळांचा रस किंवा नारळाचे दूध सावकाश पिळून काढणारे यंत्र), या प्रश्नावर माझे मत सोडा मशीनच्या बाजूने आहे. पांढऱ्या रश्श्यासाठी नारळाचे दूध काढणाऱ्या कोल्हापुरातील घरांत मिक्सर आणि मलमलचे फडके असतेच, आणि सोलकढीला त्याहून अधिक काही लागत नाही. फेसाळ कोकम सरबत मात्र मशीनशिवाय घरी जमणे कठीण.

मशीन घेतल्यावर पाणी फ्रीजमध्ये पुरेसे थंड करूनच त्यात वायू सोडावा, कारण ५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात जितका कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या साधारण निम्माच २५ अंशांच्या पाण्यात विरघळतो, आणि मशीन कमकुवत असल्याची तक्रार पुष्कळदा या कोमट पाण्यामुळेच होते. वायू फक्त साध्या पाण्यात सोडावा आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) किंवा लिंबाचा पाक पेल्यात नंतर मिसळावा. बाटलीत आधीच सरबत असेल तर फेस उसळून नळीत साखर चिकटते.

खरेदीपूर्वी वायूचा सिलिंडर आपल्या शहरात बदलून मिळतो का, हे विक्रेत्याकडून नक्की करून घ्यावे, कारण मशीनची किंमत एकदाच मोजावी लागते, पण सिलिंडरचा खर्च कायमचा असतो. कोकम आंबट असल्याने आगळ साठवायला काचेची बरणीच वापरावी. तांब्या-पितळेची किंवा ॲल्युमिनियमची भांडी कितीही सुरेख दिसली तरी आंबट पेयांसाठी ती कटाक्षाने टाळावीत.