ऑक्टोबरमध्ये ऑटमची लाल पानं कुठून आणायची?

सईची_आई, पुणे
नमस्कार, मुलगी दुसरीत आहे, शाळेतून ऑटम प्रोजेक्ट आलाय. गळलेली लाल-पिवळी पानं गोळा करून चार्टपेपरवर चिकटवायची. दसरा होऊन आठवडा झाला, सोसायटीतली झाडं अजून हिरवीगार, दोन दिवस फिरून चार पिवळी पानं मिळाली ती पण कीड लागलेली. काही जणांनी दुकानातून कागदी पानं आणलीत पण मला तसं नाही करायचं, पोरगी खरंच विचारतेय की आई, ऑटम कुठेय? आपल्याकडे या दिवसांत मुलांना हाताने करून बघता येईल असं काय आहे? सोमवारी द्यायचंय, प्लीज सुचवा.

माळरान
ताई, पानं मिळणार कशी, आपली पानगळ आत्ता नसतेच, ती जानेवारी ते मार्च. आत्ता शरद, आश्विन-कार्तिक, आणि माझ्या मते आपला शरद बघायचा तर गवतात. सकाळी कुठल्याही टेकडीवर न्या तिला, सुती मोजे घालून, परत येईपर्यंत मोजे कुसळांनी भरलेले असतील. एक कुसळ काढून तळहातावर ठेवा आणि त्याच्या काळ्या शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ आपोआप गोल फिरतं! दवाने भिजलं की पीळ सुटतो, उन्हात वाळलं की परत बसतो, असं फिरत फिरत ते बी मातीत घुसतं. टोक अणकुचीदार असतं, डोळ्यांपासून लांब ठेवा. चार्टवर पानांऐवजी मोजाच चिकटवा, बाईंना आवडेल बघा.

ठाण्याची_मावशी
अगं, प्राजक्त आहे का जवळपास? पहाटे खाली सडा पडतो तो वेचायचा, झाड हलवायचं नाही. पांढऱ्या पाकळ्या बाजूला काढून फक्त केशरी देठ पाण्यात उकळायचे, दोन मुठी तरी हवेत. सुती रुमाल आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेव आणि मग त्या रंगात बुडव. केशराला ज्याने रंग येतो त्याच जातीचं रंगद्रव्य या देठांत असतं, सुंदर पिवळा येतो. वाळवायचा मात्र सावलीत, उन्हात रंग उडतो. माझी नात अजून तो रुमाल कोणाला हात लावू देत नाही.

गणिताचे_सर
यात सावली पण घ्या. एक मीटरची काठी गच्चीत सरळ उभी करायची, दुपारी साडेबाराच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडूने खूण आणि बाजूला तारीख. पुण्यात 23 सप्टेंबरला ती साधारण 33 सेंमी असते आणि 22 डिसेंबरला जवळजवळ 90. दर रविवारी एक खूण केली की सूर्य दक्षिणेकडे चाललाय हे मुलांना सांगावं लागत नाही, त्यांना दिसतंच.

जर्सीकर
आम्ही न्यू जर्सीत आहोत, इथे आत्ता मेपल लालभडक झालेत, मुलं ढीग करून उड्या मारतात. एक प्रयोग तुम्हाला हिरव्या पानावर पण करता येईल. पान बारीक फाडून चेचायचं, थोडं सर्जिकल स्पिरिट घालायचं (हे मोठ्यांनी करा, गॅसपासून लांब), त्यात फिल्टर पेपरची पट्टी उभी ठेवायची. तासाभरात हिरव्याबरोबर पिवळा पट्टाही वर चढतो. पिवळा आधीपासून पानात असतोच, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्या वेळी नव्याने तयार होतो.

सईची_आई, पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार! आज सकाळी टेकडीवर जाऊन आलो, सईने कुसळावर थेंब टाकला आणि ते फिरायला लागल्यावर ओरडलीच, आई हे जिवंत आहे! मग अकरा कुसळं एकाच वाटीत भिजवली, वाळल्यावर त्यांच्या शेपट्या एकमेकींत अशा अडकल्या की सोडवता येईनात, तो गुंता तसाच चार्टवर लावलाय. प्राजक्त शेजारच्या वाड्यात सापडला, उद्या पहाटे साडेपाचचा गजर तिने स्वतः लावलाय.