शिक्षकांच्या बॅगेत काय काय असतं? माझी सहा किलोंची निघाली

टाचणवही
काल शाळेच्या जिन्यात माझ्या बॅगेचा पट्टा तुटला. शिवण शाबूत होती, कडीच वाकली आणि पट्टा निसटला. बॅग चार पायऱ्या गडगडत गेली आणि सातवीतल्या एका मुलीच्या पायाशी थांबली. तिने एका हाताने उचलायला घेतली, जमेना, मग दुसरा हात लावला. “बाई, दगड भरलेत का?”

घरी आले आणि काट्यावर उभी राहिले. मग बॅग घेऊन उभी राहिले. वजाबाकी केली. ६ किलो २०० ग्रॅम. उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतोय आणि मी इतके दिवस उशा बदलत होते!

मग सगळं पलंगावर ओतलं. चाचणीच्या ४८ पेपरांचा गठ्ठा. निबंधाच्या २३ वह्या, त्याच अडीच किलो. टाचणवही. लाल पेनं चार, पैकी लिहितात दोन. निळी पेनं अकरा, माझं त्यात एकही नाही. मुलांना द्यायला ठेवते, परत येतात ती वेगळीच, टोपणं चावलेली. चष्म्याच्या जुन्या डबीत खडूचे तुकडे. वाळलेले तीन मार्कर. स्टेपलर, पण पिना नाहीत. पिनांची डबी सापडली तर ती दुसऱ्याच मापाची. शर्टाची सुटी बटणं, सेफ्टी पिना, जखमेच्या पट्ट्या, सॅनिटरी पॅड. गेल्या पावसाळ्यात वर्गात राहिलेली कुणाची तरी छत्री. जप्त केलेली एक चिठ्ठी, आठ घड्या घातलेली. ती मी वाचलेली नाही आणि वाचणारही नाही, पण टाकवतही नाही.

आणि हे एक. वहीच्या अर्ध्या पानावर: ‘माझ्या मूलाचे काल पोट दुखत होते म्हणुन तो आला नाही.’ खाली आईची सही. अक्षर चिरंजीवांचं. दोन्ही चुका मी लाल पेनाने दुरुस्त केलेल्या. म्हणजे बनवाबनवी कळूनही मी आधी शुद्धलेखन तपासलं.

स्वतःची म्हणाव्यात अशा वस्तू चारच निघाल्या: चष्मा, किल्ल्या, पाण्याची बाटली, घशाच्या गोळ्या. बाकी सगळा वर्गाचा संसार. आता नवी बॅग घ्यायचीच आहे, तर विचारते. तुम्ही काय काढलंत? आणि काय काही केल्या काढत नाही?

कंपासपेटी
ताई, गणिताचा मास्तर आहे, तेव्हा आधी हिशोब. ए-फोर कागद साधारण ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम. एका चौरस मीटरमधून ए-फोरचे १६ कागद निघतात, म्हणून एक कागद ५ ग्रॅमचा. पेपर चार कागदांचा धरला तर २० ग्रॅम. ४८ मुलांचे ९६० ग्रॅम. पुरवण्या वेगळ्या. तुमच्याकडे पुरवण्या मागणारे किती आहेत ते तुम्हालाच ठाऊक.

आता अवघड प्रश्न. यातले किती पेपर काल घरी उघडलेत?

चिडू नका, मी स्वतःवरून विचारतोय. गेल्या वर्षी कुतूहल म्हणून गठ्ठ्याच्या वरच्या पेपरवर पेन्सिलीने रेघ मारायला लागलो, घरी नेला की एक. नऊ रेघा झाल्या. नऊ वेळा नेला, नऊ वेळा तसाच परत आणला. १८ फेऱ्या, प्रत्येक वेळी ९६० ग्रॅम, म्हणजे सव्वासतरा किलोंच्या वर कागद वाहिला आणि एकाही मुलाला एक गुण दिला नाही. शेवटी तपासला कुठे? शाळेतच, ऑफ तासाला.

तेव्हापासून दहाच पेपर नेतो. दहा होतात. ४८ बघितले की माणूस आधी चहा ठेवतो, मग कपाट आवरतो, मग झोपतो.

टाचणवही
सर, गठ्ठा सोमवारपासून येतोय. आज शुक्रवार. वरचं रबर अजून तसंच आहे.

खरं सांगू का, तपासायला म्हणून मी तो आणतच नाही बहुतेक. शाळेत ठेवून आले तर आज तपासणार नाही हे दारातच कबूल केल्यासारखं होतं. खांद्यावर असला की संध्याकाळभर निदान शक्यता तरी राहते. रात्री अकराला ती संपते.

कपाट क्र. ७
आधी शाळेकडे कुलपाचं कपाट मागा. आमच्याकडे सहा जणांत एक आहे आणि किल्ली कुणाकडे असते यावर रोज एक तास जातो. बॅग उगीच वाढत नाही.

पिवळा खडू
मी काढलं ते लाल खडू. वजनासाठी नाही.

विज्ञान शिकवते. हृदयाची आकृती हिरव्या फळ्यावर काढायची, शुद्ध रक्ताचे बाण लाल खडूने, अशी कित्येक वर्षांची सवय. एक मुलगा आकृती सुरेख उतरवायचा, कप्पे, झडपा, नावं सगळं जागच्या जागी, पण हे बाण कधीच नसायचे. तीन महिने मी त्याच्या वहीत लिहीत होते, ‘बाण दाखव’. तोही बिचारा कधी काही बोलला नाही. एकदा फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, या बाणावर बोट ठेव. तो म्हणाला, “कुठल्या?”

लाल आणि हिरव्यात फरक न कळणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलीला दोन एक्स, एकात दोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलग्याला एकच. हे मी दरवर्षी वर्गाला शिकवत होते हो! त्याच फळ्यावर, त्याच लाल खडूने.

आता बॅगेत पिवळा आणि पांढरा, एवढेच. बाणांमध्ये फरक दाखवायचा तर एक सलग, एक तुटक. त्या मुलाचे कापलेले गुण परत दिले, पण ‘बाण दाखव’ हे माझ्या अक्षरात त्याच्या वहीत सात ठिकाणी राहिलंच. मी मोजलं.

डस्टरवाला
वाळलेले मार्कर टाकू नका लगेच. टोक वर करून उभे ठेवले की शाई तळाशी उतरते आणि टोक कोरडं पडतं. टोपण घट्ट लावून एक रात्र उलटे ठेवून बघा, तिन्हींतला एखादा उठेल. पुढे बॅगेत आडवेच ठेवा. आणि कुणी पांढऱ्या फळ्यावर कायमच्या मार्करने लिहून ठेवलं तर त्यावरून साध्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. साध्या शाईतला द्रावक खालची शाई सोडवतो. त्यामुळे एक तरी मार्कर बॅगेत हवाच.

चावलेल्या टोपणांवरून एक सांगतो. टोपणाच्या टोकाला भोक आहे का बघून पेनं घ्या. ते शाईसाठी नसतं. टोपण चुकून घशात अडकलं तर भोकातून थोडी तरी हवा जावी म्हणून असतं. आयएसओ ११५४० हे मानक त्यासाठीच आहे. मी अशी पेनं मुद्दाम घेतो, कारण सांगून चावायचं थांबवणारा वर्ग मला अजून भेटलेला नाही.

शेवटचं बाक
शिक्षक नाही, विद्यार्थिनी होते. पॅड काढू नका, एवढंच सांगायला आले.

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या बॅगेत एक चपटं निळं पाऊच असायचं, चेनवालं. मुलीने नुसतं “सर, जरा बाहेर जाऊ?” म्हटलं आणि सरांना चेहऱ्यावरून कळलं, की ते पाऊच काढायचे आणि म्हणायचे, “जाताना हे ऑफिसात बाईंना देऊन ये.” बाईंकडे ते कधीच जायचं नाही. मुलगी दहा मिनिटांनी यायची, पाऊच टेबलावर ठेवायची, सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असायचे. वर्गातल्या मुलग्यांना वाटायचं त्यात हजेरीचे कागद आहेत. सरांनी कधी कुणाला त्यात काय आहे ते सांगितलं नाही. पहिल्यांदा ज्या मुलीने उघडलं तिने दुसरीला सांगितलं, आणि तसंच पुढे.

आणि हो, तुमच्या अकरा पेनांसारखं एक माझ्याकडेही आहे. परत द्यायचं राहिलं.

कंपासपेटी
शेवटचं बाक, व्याजासकट दोन झाली.

टाचणवही
सगळ्यांचे आभार. रविवारी बसले एकदाची.

निबंधाच्या वह्या शाळेतच ठेवायच्या. कपाट नाही, पण ग्रंथालयाच्या बाईंनी खालचा खण दिलाय. तिन्ही मार्कर शुक्रवारी रात्री उलटे ठेवले होते, त्यातला हिरवा उठला. बाकीचे दोन टाकले, कोरडी लाल पेनंही टाकली. निळी अकरा पेनं वर्गातल्या टेबलावर डब्यात ठेवणार, ज्याला लागेल त्याने घ्यावं. सलग रेघ आणि तुटक रेघ मीही फळ्यावर सुरू करते, व्याकरणात मी लालच वापरत आले. पॅड पाऊचमध्ये गेली. छत्री तीन वर्गांत फिरवली, कुणी ओळख दाखवली नाही, ती आता माझी. चिठ्ठी जिची होती तिला परत दिली, आठही घड्या जशाच्या तशा. तिने आधी घड्या मोजल्या, मग माझ्याकडे बघितलं. पोटदुखीचा अर्ज मात्र बॅगेतच राहील. त्याला सबब नाही.

पेपर दहाच ठेवले. सर, दहाही रविवारीच तपासून झाले. तरी आज ते घेऊनच निघाले, सवय.

बॅग आता २ किलो ८०० ग्रॅम. आज जिन्यात तीच मुलगी भेटली. न विचारता बॅग हातात घेतली, उचलली, दोनदा वरखाली केली आणि डोळे मोठे करून म्हणाली, “बाई! म्हणजे आमचे पेपर तपासून झाले?”