मानेची जादा बरगडी काढून पाच आठवडे झाले. गेलेल्या मुंग्या परत आल्यात, असं होतं का?

खडूफळा:
नमस्कार. मी प्राथमिक शिक्षिका, वय ४१. कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग आहे. आज ऑपरेशनला छत्तीस दिवस झाले. उजवी बाजू, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या अरुंद जागेत हाताकडे जाणाऱ्या नसा किंवा रक्तवाहिन्या दबणं. माझा नसांचा प्रकार.

आधी मागचं थोडं सांगते. अडीच वर्षांपूर्वी करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. फळ्याच्या अगदी वर तारीख-वार लिहायला हात उचलला की दंडापासून खाली सगळा हात जड व्हायचा, खडू सुटायचा. एके ठिकाणी सांगितलं, मानेच्या मणक्यात गॅप आहे. चार महिने कॉलर घातली, मानेला वजन लावून ताण घेतला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, मनगटात नस दबली आहे, तिथे छोटं ऑपरेशन करू. मी जवळजवळ तयार झाले होते. मुंग्या नक्की कोणत्या बोटांना येतात, हे तोवर मला कोणीच विचारलं नव्हतं. मनगटातल्या दाबाच्या मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येतात, हे मला नंतर कळलं.

पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो तो बसला होता. मला वाटत होतं वयामुळे असेल. त्यांनी दोन्ही हात वर धरून तीन मिनिटं मुठी उघडमीट करायला सांगितल्या. डावा हात शेवटपर्यंत राहिला, उजवा एका मिनिटात खाली आला. मग मानेचा साधा एक्स-रे. मानेच्या सातव्या मणक्याला दोन्हीकडे जादा बरगडी, उजवीकडची लांब. शिवाय साध्या एक्स-रेत दिसत नाही अशी, तिच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत एक कडक दोरी. हाताकडे जाणाऱ्या नसा त्या दोरीवर ताणल्या जात होत्या. ऑपरेशन कॉलर बोनच्या वरून केलं. जादा बरगडी, ती दोरी, मानेचे स्केलीन स्नायू आणि पहिली बरगडीसुद्धा काढली. तिसऱ्या दिवशी नळी काढली, पाचव्या दिवशी घरी आले.

आता खरं विचारायचं ते. पहिले तीन आठवडे स्वप्नासारखे गेले. रात्री मुंग्यांनी जाग येणं पूर्ण थांबलं. पहिल्या शांत रात्रीनंतर सकाळी मी यजमानांना उठवून सांगितलं आणि रडले. मग सव्विसाव्या दिवशी मुंग्या परत आल्या. तीच दोन बोटं. संध्याकाळी पाठीच्या फऱ्याजवळ दुखतं. कॉलर बोनच्या खाली तळहाताएवढी जागा बधिर आहे, कागदावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. महिन्याच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, नस चिडलेली आहे, वेळ द्या. पुढची तारीख सहा आठवड्यांनी. आपण बाहेर पडतो आणि प्रश्न तिथेच राहतात.

ऑपरेशन फसलं का? ज्यांचं झालंय त्यांनी खरं सांगा, धीर देण्यासाठी गोड बोलू नका. भाकरी थापता येत नाही, मुलीची वेणी घालता येत नाही, ते चालेल. मला फळ्यावर लिहायचंय.

फिजिओ कोथरूड:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला न तपासता ऑपरेशन यशस्वी की अयशस्वी हे सांगणार नाही, पण जे लिहिलंय ते ओळखीचं आहे. जखम भरताना आत नवी ऊती तयार होते आणि मोकळ्या झालेल्या नसा त्या ओल्या ऊतीतच असतात. चौथ्या ते आठव्या आठवड्यात मुंग्या परत आलेले पेशंट मी नेहमी पाहते. नेमकं त्याच सुमाराला बरं वाटायला लागल्यामुळे माणूस घरकामाला लागतो. सव्विसाव्या दिवसाच्या आधी दोन-तीन दिवसांत काय वेगळं केलं होतं, आठवून बघा.

बधिर जागेचं कारण साधं आहे. कॉलर बोनच्या वरून चीर घेतली की त्वचेच्या बारीक नसा वाटेत येतात. ती जागा हळूहळू लहान होते. थोडी कायम राहिली तरी हाताच्या ताकदीशी तिचा संबंध नाही.

नसेचं गणित मात्र समजून घ्या. दाबामुळे नसेचं फक्त वरचं आवरण दुखावलं असेल तर काही आठवड्यांत फरक पडतो. आतला तंतूच गेला असेल तर तो साधारण रोज एक मिलिमीटर वाढतो. कॉलर बोनपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत पासष्ट-सत्तर सेंटिमीटर धरा, तुम्ही गणित शिकवता, तुम्हीच भागा. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते. अंगठ्याखालचा बसलेला स्नायू पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. दुखणं आणि मुंग्या त्यापेक्षा बऱ्याच चांगल्या सुधारतात.

नस सरकवण्याचा व्यायाम शिकवला असेल तर तो ओढाताणीने करू नका. पहिली बारीक ओढ जाणवली की तिथून मागे या. ताणून धरलंत तर संध्याकाळी मुंग्या वाढणारच. श्वास पोटाने घ्या. छाती वर उचलून श्वास घेतला की मानेचे उरलेले स्नायू कामाला लागतात, त्यांना सध्या विश्रांती हवी आहे. त्या हाताने पिशवी लटकवून धरायची नाही, खांद्याला पर्सही नाही.

आणि एवढं झालं तर सहा आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा: हात सुजला किंवा निळसर झाला, बोटं पांढरी-गार पडली, दम लागायला लागला, ताप आला, जखमेतून काही वाहू लागलं, पकड अचानक आणखी गेली. भिंतीला हात टेकवून ढकलताना पाठीचा फरा पंखासारखा बाहेर येतो का, हे घरच्यांना पाठीमागून बघायला सांगा. येत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पोहणारा पिंपरी:
माझा प्रकार वेगळा होता, शिरेचा. वय २४. जिममध्ये खांद्याचे व्यायाम करून आलो, दुसऱ्या दिवशी उजवा हात सुजून जांभळा. खांद्याखालच्या मोठ्या शिरेत गुठळी. आधी नळी घालून गुठळी विरघळवली, मग पहिली बरगडी काढली. तीन महिने रक्त पातळ करायची गोळी होती. मला मुंग्या नव्हत्या, त्यामुळे तुमच्याशी तुलना करत नाही. फक्त झोपेचं सांगतो. पाठीवर झोपून कोपराखाली पातळ उशी ठेवली की खांदा मागे लोंबत नाही. माझ्या रात्री त्यानेच सुधारल्या. चौथ्या महिन्यात पाण्यात उतरलो, आधी फक्त पाय मारत.

खडूफळा:
फिजिओ मॅडम, तुमचं वाचून डायरी काढली. तेविसाव्या दिवशी मी शाळेचे निकालपत्रक भरायला बसले होते. छत्तीस मुलांचं, तीन तास, मान खाली. कोणी सांगितलं नव्हतं, मुलांचं राहू नये म्हणून मीच घरी मागवलं होतं. चोविसाव्या दिवशी दोरीवर चादरी वाळत घातल्या. मला हे दोन्ही ‘काम’ वाटलंच नव्हतं, उचललं तर काही नव्हतं ना. फरा बाहेर येत नाही, यजमानांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला.

भागाकार केला. जवळजवळ दोन वर्षं. वाचून आधी पोटात खड्डा पडला, मग बरं वाटलं. निदान पाच आठवड्यांत निकाल मागत बसायला नको.

आणखी एक बाईमाणसाचं विचारते. मंगळसूत्र बरोबर जखमेवर घासतं. काढून ठेवलंय, पण सासूबाईंना ते खटकतं.

रंगारी सांगलीवाला:
ताई, मी पाट्या रंगवणारा. तीस वर्षं हात वर करूनच पोट भरलं. फ्लेक्स आल्यावर दुकानाच्या पाट्या गेल्या, आता शाळांच्या बोलक्या भिंती रंगवतो, पाढे, नकाशे, बाराखडी. तुमच्या तालुक्यातल्याही दोन-तीन शाळा केल्यात. माझं ऑपरेशन काखेतून झालं, दोन वर्षं होऊन गेली. जादा बरगडी नव्हती, पहिली बरगडीच काढली.

मला तुमच्यासारखेच चांगले दिवस आले आणि गेले. माझी बधिर जागा काखेत आणि दंडाच्या आतल्या अंगाला होती, शर्ट घातलाय की नाही कळायचं नाही. आठ महिन्यांनी ती रुपयाएवढी राहिली, अजून आहे. झोपेची आणि नसेची गोळी मी दुसऱ्या महिन्यात मनानंच बंद केली, आता बरं आहे म्हणून. तीन रात्री डोळा लागला नाही. ती डॉक्टरांना विचारून थोडी थोडी कमी करायची असते. तुम्ही असं करू नका.

दहाव्या आठवड्यात मी वीस लिटरची रंगाची बादली उचलली. पोरगं बाजूला उभं होतं, त्याला सांगायचं सोडून मीच उचलली. दोन आठवडे पुन्हा पहिल्यासारखी बोटं. तेव्हा मलाही वाटलं, फसलं. फसलं नव्हतं, परत खाली आलं. पण पहिल्या वेळेला कोणी सांगितलं असतं की असं वर-खाली होणार आहे, तर मी त्या पंधरा दिवसांत ब्रश विकायला काढले नसते. खरंच काढले होते, गिऱ्हाईकही आलं होतं.

आता फळ्याचं, ते मला जास्त कळतं. मी हात मोजून वाढवला. भिंतीवर तीन रेघा मारल्या: कंबर, छाती, कपाळ. सुरुवातीला कंबरेच्या रेघेवर स्टुलावर बसून एक ओळ बाराखडी. हात जड व्हायच्या आत थांबायचं, जड झाल्यावर नाही. क, ख, ग… आज ‘च’पर्यंत गेलो तर उद्याही ‘च’च. आठवडाभर तिथे नीट राहिलं तरच पुढचं अक्षर. छातीच्या रेघेवर यायला मला चार महिने लागले. कपाळाच्या रेघेवर सात-आठ. शिडीवर अजून सलग अर्धा तासच.

आणि एक काठी करून घ्या. आम्ही पेंटर लोक बारीक अक्षराला डाव्या हातात काठी धरतो, तिचं टोक भिंतीला टेकवतो आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवून लिहितो. टोकाला कापडाचा गोळा बांधायचा, फळ्याला ओरखडा नको. हाताचं वजन काठीवर जातं, खांद्यावर येत नाही. वेताची हलकी काठी, हातभर पुरते.

मंगळसूत्राचं माझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, जखम भरेपर्यंत वाटी काळ्या दोऱ्यात ओवून मनगटाला बांधा, सासूबाईंनाही दिसेल. डाव्या मनगटाला.

खडूफळा:
दादा, तुमच्या पत्नीला नमस्कार सांगा. वाटी डाव्या मनगटाला बांधली. सासूबाईंनीच गाठ मारली.

काठीबद्दल काय बोलू. अडीच वर्षांत एवढे डॉक्टर झाले, पण फळ्यावर लिहिताना माझा हात नेमका कसा असतो हे कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही न विचारता ओळखलंत.

फिजिओ कोथरूड:
काठीची युक्ती मी माझ्या पेशंटना सांगणार आहे. एक भर घालते, ताई. मानेच्या डाव्या बाजूलाही जादा बरगडी आहे असं तुम्ही लिहिलंय. काही त्रास नसेल तर तिला कोणी हात लावत नाही, पण सगळी कामं डाव्यावर ढकलू नका. काठी धरलेला डावा खांदाही मध्ये मध्ये सैल सोडा.

खडूफळा (साडेतीन महिन्यांनी):
कोणी हा धागा शोधत आलं तर म्हणून लिहून ठेवते. आज ऑपरेशनला एकशे चाळीस दिवस झाले. रजा संपून शाळेत जाऊन एक महिना झाला. एसटीत उभं राहून वरचा दांडा धरायचा नाही म्हणून एक गाडी आधीची पकडते, त्यात बसायला मिळतं.

रात्रीच्या मुंग्या नाहीत. संध्याकाळी कधी येतात, विशेषतः वह्या तपासल्या त्या दिवशी. मध्ये एकदा, अकराव्या आठवड्यात, पुन्हा चार दिवस वाईट गेले. या वेळी घाबरले नाही, डायरी उघडली आणि आदल्या दिवशीचा पाण्याचा हंडा सापडला. पकड मोजली, डावी जास्त, उजवी तिच्या साधारण दोन तृतीयांश. अंगठ्याखालचा खळगा तसाच आहे. वेणी घालते. भाकरी अजून नाही, चपाती लाटते.

आमच्या सुतारांनी काठी करून दिली. मुलांना वाटलं मारायला आणली. मग मी त्यांना दाखवलं, आणि आता प्रत्येकाला तसंच लिहून बघायचंय. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर खुर्चीत बसून लिहिते, पाचव्या ओळीपर्यंत जाते, सहावीला थांबते. वरची तारीख-वाराची ओळ मुलं पाळीपाळीने बाकावर चढून लिहितात. काल ज्याची पाळी होती त्याने ‘गुरुवार’मधल्या ‘रु’ला दीर्घ ऊकार दिला. मी खुर्चीतूनच काठीने दाखवला, त्याने पुसून ऱ्हस्व केला.