मदत हवी आहे: छतावर सोलर बसवावं की थांबावं?

नमस्कार मंडळी. ३ किलोवॅटची सोलर सिस्टीम बसवायचा विचार चाललाय, पण घोडं अडलंय सावलीपाशी. पाण्याची टाकी नेमकी छताच्या मधोमध. काल खडू घेऊन दर तासाला तिच्या सावलीची कड आखत बसलो (घरच्यांनी वेड्यात काढलं). दुपारी तीननंतर सावली अशी लांबत जाते की जवळजवळ अर्धी जागा हातची जाते.

एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर जरी सावली पडली, तरी बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं, एवढं वाचलंय. एक विक्रेता म्हणतो मायक्रोइन्व्हर्टर लावा (म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा इन्व्हर्टर, पण सगळ्यांसाठी एक न लावता पॅनेलगणिक छोटा छोटा). दुसरा म्हणतो स्टँड उंच करा, झालं काम! या दुसऱ्याने छतावर पाऊलही न ठेवता कोटेशन दिलं, त्यामुळे त्याचं बोलणं मी फारसं मनावर घेतलेलं नाही.

शिवाय वॉटरप्रूफिंग जुनं आहे. पॅनेल पंचवीसेक वर्षं चालतात. मधेच गळती लागली तर सगळा सांगाडा उतरवायचा का? मला तरी आधी गच्ची दुरुस्त करून घ्यावी असं वाटतंय.

आणि हो, बॅटरी नसलेली साधी ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) सिस्टीम वीज गेली की भर उन्हातही बंद पडते, हे मला अगदी शेवटी कळलं.

तुमच्याकडे अशीच टाकीची किंवा झाडाची सावली असेल तर सांगा: वर्षभरात प्रत्यक्षात किती युनिट मिळाले? इन्व्हर्टर कितव्या वर्षी बदलावा लागला? आमचा बराचसा वापर संध्याकाळनंतरचा आहे, म्हणून नेट मीटरिंगचा (दिवसा उरलेली वीज लाइनला देऊन ती बिलात वळती करून घेण्याचा) अनुभवही हवाय.